मळ नव्हता तो

नेलिदाच्या मारिसेलाला मातीत ठेवून तीन आठवडे झाले होते. शाळेची पहिली घंटा होऊन गेली होती, मी नर्सच्या खोलीत वजनकाटा पुसत होते, आणि तिची आई, वस्तीत सगळे मानाने 'दोन्या' म्हणतात ती नेलिदा, दारात येऊन उभी राहिली. काळा स्कर्ट, काळा ब्लाउज, हात रिकामे. इतक्या वर्षांत मी तिला रिकाम्या हातांनी कधी पाहिलं नव्हतं.

"सुलेमा," ती म्हणाली, "तू दरवर्षी पोरांच्या मानेवर जे बघतेस ना, ते मला दाखव."

"आधी बसा तरी, दोन्या नेलिदा."

"बसायला नाही आले. दाखव."

मी या शाळेत नर्सच्या हाताखाली काम करते. ठरावीक इयत्तांच्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी असते. उंची, वजन, डोळे, कान आणि शेवटी मान. केस वर धरायचे, कॉलर खाली ओढायची आणि मागून बघायचं. काही पोरांच्या मानेवर मखमलीसारखा जाडसर काळपट पट्टा असतो. तो दुखत नाही, खाजत नाही. आत, रक्तातली साखर सांभाळता सांभाळता शरीर थकायला लागलंय, एवढंच तो सांगत असतो. त्याचा एक मोठा फोटो आमच्या भिंतीवर आहे. मी त्याकडे बोट दाखवलं.

ती फोटोच्या अगदी जवळ गेली. मग अंगठ्याने त्या फोटोतल्या मानेवर घासून बघितलं. एकदा, दोनदा.

"हा मळ नाही?"

"नाही."

"घासला तर निघत नाही?"

"नाही निघत."

पोटात दुखणारी पोरं ज्या बुटक्या बाकावर बसतात, त्याच्यावर ती मटकन बसली. "मी घासला," ती म्हणाली. "आठ वर्षांची होती. मी घासला, सुलेमा."

नेलिदा कांतू लग्न होऊन सीमेवरच्या नदीपलीकडून, कामार्गोहून आमच्या दोस पोसोस वस्तीत आली. नऊ भावंडांत वाढलेली. मीठ लावलेली तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, हेच जेवण, असे दिवस तिने काढले होते. नवरा रोहेलियो संत्र्यांचा ट्रक चालवायचा. एका उन्हाळ्यात उत्तरेकडच्या शेतांवर कामाला गेला तो परत आलाच नाही. मेला म्हणावं तर निरोप नाही, जिवंत म्हणावं तर पत्र नाही. नेलिदाने रडत बसण्याऐवजी घराच्या पुढच्या भिंतीला खिडकी पाडली आणि शाळेच्या बसथांब्यासमोर बर्फाचे गोळे विकायला लागली. लाल, निळा, हिरवा पाक. तिखट चिप्सच्या पुडीत ओतलेलं गरम चीज. शाळा सुटली की अख्खी वस्ती तिच्या खिडकीला लोंबकळायची. माझी दोन्ही पोरंही त्यातच. हसऱ्या पोराला ती पाक दोनदा घालायची.

आमच्याकडे गुबगुबीत पोर म्हणजे घराला बरकत. मारिसेला तशीच होती. तिला सगळे 'गोर्दा' म्हणायचे, म्हणजे जाडी. अगदी लाडाने. पाद्रीसुद्धा म्हणायचे. घरी ताट चाटूनपुसून संपवल्याशिवाय उठायचं नाही, हा नेलिदाचा नियम. उपाशी पोटाची आठवण तिला होती ना.

मारिसेलाला चर्चमध्ये पहिला ख्रिस्तप्रसाद मिळणार होता, त्याचा आदला दिवस. पांढरा झगा शिवणारी बाई माप बघायला आली होती. वेण्या वर धरून ती म्हणाली, "अगं नेलिदा, पोरीची मान तरी धुत जा. उद्या देवासमोर उभी राहणार आहे ही."

नेलिदाच्या तोंडावर कुणी थुंकल्यासारखं झालं. बाई गेल्यावर तिने पोरीला न्हाणीघरात नेलं. खायचा सोडा, लिंबू आणि घोसाळ्याची वाळकी जाळी.

"अमा, दुखतंय."

"दुखू दे. घाणेरडी कुठली! लोक मला नावं ठेवतात."

"अमा, दुखतंय ना."

रक्त आलं तेव्हा ती थांबली. तेव्हा शाळेत कुणी माना तपासत नव्हतं, सांगणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी झग्याची कॉलर मानेमागे गुलाबी झाली, ती ओढणीखाली झाकली. त्या दिवसाचा फोटो नेलिदाच्या बैठकीत आहे. सगळ्या पोरी ताठ उभ्या आहेत. मारिसेलाने खांदे वर उचलून मान आत ओढून घेतलीय, कासवासारखी.

तेराव्या वर्षी ती वर्गात चक्कर येऊन पडली आणि साखरेच्या आजाराला नाव मिळालं. पंचविसाव्या वर्षी मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसची गाडी यायची. उरलेल्या दिवसांत ती आईशेजारी खिडकीत स्टुलावर बसून सुटे पैसे द्यायची. एकदा एका पोराकडे बघून ती म्हणाली, "अमा, याला आज नुसतं पाणी दे."

नेलिदा हसली होती. "पाणी प्यायला कोण येतं गं माझ्याकडे?"

मार्चमध्ये, संत्र्यांना मोहोर आलेला असताना मारिसेला गेली. एकोणतीस वर्षांची होती.

फोटो बघून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी नेलिदाने खिडकी उघडली. पोरं धावली. पुढे काय झालं ते तिनेच मला सांगितलं. "पोरं गोळा घेतात आणि पाठ फिरवून निघतात. मग माना दिसतात, सुलेमा. वीस वर्षं दिसत होत्या. मी चेहरेच बघत बसले." रांगेत चौथी होती यारेत्सी, देयानिराची आठ वर्षांची पोर. गोळा घ्यायच्या आधीच ती मैत्रिणीशी बोलायला वळली, आणि तिच्या दोन वेण्यांच्या मध्ये तोच पट्टा. नेलिदाच्या हातातली बाटली तशीच कलती राहिली. लाल पाक फळीवरून तिच्या पायांवर सांडत होता. मग तिने खिडकी लावून घेतली. पोरांनी बराच वेळ बाहेरून थापा मारल्या.

त्यानंतर ती न्हाणीघरात जाईना. परसातल्या नळावर, गोणपाटाच्या आडोशाला अंघोळ करायची. मी कारण विचारलं तेव्हा तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. दुपारी तीनला, पोरं शाळेतून परतायच्या वेळेला आतून आवाज येतो. 'अमा, दुखतंय.' रोज. "मी काही वेडी झालेली नाही," ती म्हणाली. "ती मेलीय हे मला माहीत आहे. पण आवाज येतो."

मी पाद्रींचं नाव काढलं. ती म्हणाली, "पाद्रींना मान दिसत नाही. तुला दिसते. तू पोरांच्या घरी काय पाठवतेस?"

"चिठ्ठी."

"कोण वाचतं?"

चिठ्ठी इंग्रजीत होती आणि तिच्यातले शब्द डॉक्टरांचे होते. ज्या आयांना कळायचं, त्या तणतणत यायच्या. आमची पोर अस्वच्छ आहे म्हणता?

"चल," नेलिदा म्हणाली. "दारोदार जाऊ."

पहिलं घर देयानिराचं. ती दिवसभर कोबीच्या शेतात वाकून आलेली, पाय टबात सोडून बसली होती. आमच्याकडचा हा एक विनोदच आहे. कोबी, कांदा, संत्रं, सगळं आमच्या हातांनी निघतं आणि ट्रकात बसून दुसऱ्यांच्या गावाला जातं. आम्हाला जवळचं दुकान म्हणजे पेट्रोलपंपावरचं, तिथे चिप्स आणि गोड पेयंच.

नेलिदाने विषय काढला तशी देयानिरा उसळली. "अरे वा! आधी विकायचं आणि मग उपदेश करायचा? माझ्या पोरीला गोळे कुणी चारले, दोन्या नेलिदा? मी?"

"मी चारले," नेलिदा म्हणाली. "दोनदा पाक घालून. गोड हसते ना ती."

"मग आता कशाला आलात?"

"तिची मान घासू नकोस, हे सांगायला."

नेलिदाने मारिसेलाचं सगळं सांगितलं. सोडा, लिंबू, जाळी, झग्याची कॉलर, सगळं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हात मात्र मांडीवर हलत होते, पुढे-मागे, पुढे-मागे. देयानिरा पाय तसेच ओले घेऊन उठली, आत गेली आणि न्हाणीघरातून घासणी आणून आमच्यासमोर केराच्या डब्यात टाकली.

"रविवारी घासली मी," ती म्हणाली. "रडत होती. मी चापट मारली."

मग देयानिराने डोळे पुसले आणि विचारलं, "आता काय करायचं असतं?"

मी सांगायला लागले. गोड पेयं कमी, डाळी-भाज्या जास्त, रोज तासभर धावणं-खेळणं. देयानिरा म्हणाली, "मिस सुलेमा, खेळणार कुठे? बाहेर कुत्री, रस्त्यावर ट्रक, मागे कालवा. मी कामाला जाताना पोरीला कुलूप लावून टीव्हीपुढे बसवून जाते. ती जिवंत राहावी म्हणून."

ते खरंच होतं. शाळा दोन किलोमीटरवर सुद्धा नाही, पण सगळी पोरं बसने जायची.

पुढच्या सोमवारी सकाळी नेलिदा मेस्कितच्या काटेरी झाडाची मनगटाएवढी जाड काठी घेऊन वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली. दुसऱ्या हातात कपडे वाळत घालायची लांब दोरी, तिला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या. एक गाठ, एक पोर. पहिल्या दिवशी सात पोरं आली. कालव्याच्या बांधावरून, उसाच्या कडेने, कुत्र्यांना काठी दाखवत ती सगळ्यांना शाळेत घेऊन आली. वस्तीतले पुरुष हसले. "दोन्या नेलिदा, बकऱ्या चरायला नेताय का?"

"तुझा बोकड पण पाठव," ती म्हणाली. "पोट बघ त्याच्या बापाचं."

महिन्याभरात दोन दोऱ्या झाल्या. एके दिवशी मीही बरोबर गेले. कालव्याच्या पुलावर ती थांबून पोरं मोजायची. "चौदा," ती म्हणाली. मी मोजली तर तेरा होती.

"तेरा आहेत, दोन्या नेलिदा."

"हो. तेरा." ती पुढे चालायला लागली. पण पुढच्या दोरीची पहिली, तिच्या लगेच मागची गाठ रिकामी होती आणि ती दोरी जमिनीला लागू न देता नेलिदाने मागे हात करून उचलून धरली होती. पुढे चढ आला तशी तिने चाल मंद केली. "दमते ती चढावर," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी त्या रिकाम्या गाठीकडे वळून वळून बघत होते. शेजारून चालणारी पहिलीतली चिमुरडी मात्र निवांत होती. "मिस, ती गाठ धरायची नसते," तिने मला समजावलं. "ती मारिसेलाची आहे." पोरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एखादी मैत्रीण उशिरा येणार म्हणून जागा धरावी, तशी ती धरत होती.

खिडकीही पुन्हा उघडली. आता तिथे मीठ, लिंबू, तिखट लावलेली काकडी आणि कलिंगड मिळायचं, आणि मोठ्या बरणीत लिंबाच्या चकत्या टाकलेलं थंड पाणी. पहिले काही आठवडे पोरं तोंड वेंगाडून निघून जायची. बायका म्हणायच्या, "नेलिदाने ससे पाळलेत." ती कुणाशी भांडली नाही. बुधवारी अंगणात चूल पेटवायची आणि कुंपणावरच्या निवडुंगाचे काटे काढून, कांदा घालून परतायची. राजमा डुकराच्या चरबीशिवाय, नुसत्या लसूण-मिरचीवर शिजवायची आणि म्हणायची, "चव घ्या, मग शिव्या घाला." दोन-तीन बायकांनी खरंच शिव्या घातल्या. बाकीच्यांनी भांडं पुसून खाल्लं.

तिचे दोन नियम होते. पोराला जाडं म्हणायचं नाही, लाडानेही नाही. आणि पोट भरलं म्हणाल्यावर ताट पुढे ढकलायचं नाही. एका वाढदिवसाला कुणा आईने, नेलिदा बघतेय म्हणून, पोराच्या हातातला केक काढून घेतला. नेलिदाने तो उचलून परत त्याच्या हातात दिला. "वाढदिवस कुणाला मारत नाही गं," ती म्हणाली. "मारतात ते मधले साधे मंगळवार. माझी पोर मंगळवारांनी गेली."

असं वर्ष गेलं. मग हिवाळ्यात तो दिवस आला.

ऊसतोडीच्या आधी इथे फड पेटवतात. पाचटाची राख वाऱ्यावर तरंगत येते, काळ्या बारीक काडीसारखी, आणि छपरं, कपडे, केस, सगळ्यांवर बसते. त्या सकाळी पोरं चालत होती आणि शेजारचा फड पेटला होता. पोरं राख झेलत, जीभ बाहेर काढून हसत होती. मी मागे होते. यारेत्सी पुढच्या दोरीला. वेण्या पुढे घेतलेल्या, आणि उघड्या मानेवर राख बसून घामाने ओली झालेली, काळा पट्टा.

नेलिदा थांबली. काठी खाली टाकली. पदरासारख्या घेतलेल्या शालीचं टोक थुंकीने ओलं केलं आणि तिची मान पुसायला लागली. पहिल्यांदा हळू. मग जोरात. राख केव्हाच निघाली होती. ती घासत होती, दात आवळून, डोळे कुठे तरी लांब.

"दोन्या नेलिदा, दुखतंय," यारेत्सी म्हणाली.

हात थांबेना. पोरीची मान लाल झाली. बाकीची पोरं दोरी धरून दगडासारखी उभी. मी धावले, तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "थांबा! ही मारिसेला नाही. थांबा!"

तिने माझ्याकडे बघितलं, मग यारेत्सीकडे. शाल हातातून गळली. ती वळली आणि पेटलेल्या फडाच्या कडेने, राखेतून, एकटी घराकडे निघून गेली.

चार दिवस तिचं दार बंद. मी रोज हाका मारल्या. फक्त आत नळ वाहताना ऐकू यायचा. या चार दिवसांत दोऱ्या कुणी धरल्या म्हणाल तर देयानिराने. शेतावर उशिरा जायची परवानगी तिने मुकादमाशी भांडून काढली. मला वाटलं होतं ती नेलिदाच्या नावाने बोटं मोडेल. तिने फक्त एवढंच विचारलं, "जेवतेय का ती?"

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर, बरोबर तीनला, देयानिरा यारेत्सीला घेऊन नेलिदाच्या दाराशी गेली. मीही गेले. यारेत्सीने खिडकीच्या फळीला तोंड लावलं.

"दोन्या नेलिदा, मी आहे."

तिने फळीवर बोटाने टकटक केलं.

"मला दुखलं," पोर म्हणाली. लहान मुलं सांगतात तसं, तक्रार नाही, नुसती बातमी. "पण मिस म्हणाली थांबा, तर तुम्ही थांबलात."

मग आतून जो आवाज आला तो मी कधी विसरणार नाही. मारिसेलाला पुरताना नेलिदा रडली नव्हती. ते सगळं रडणं त्या बंद खिडकीमागून बाहेर आलं. देयानिराने पोरीला जवळ ओढलं, पण तिथून हलवलं नाही. बऱ्याच वेळाने कडी सरकली.

सोमवारी नेलिदा आली. पुढे नाही उभी राहिली. काठी देयानिराच्या हातात दिली आणि स्वतः सगळ्यात मागे चालायला लागली.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. त्या पहिल्या तेरा पोरांतल्या दोघांना आजाराने गाठलंच. एकाच्या घरात तो पिढ्यान् पिढ्या होता, दुसऱ्याचं का झालं ते देव जाणे. यारेत्सीचा पट्टा फिका होत गेला, आता कॉलर खाली ओढून शोधावा लागतो. कालव्याच्या बाजूला कुंपण झालं, त्यासाठी नेलिदा आणि देयानिरा तीनदा जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन बसल्या. आमची चिठ्ठी आता स्पॅनिशमध्ये जाते. तिचं पहिलं वाक्य नेलिदाने सांगून मी लिहिलंय, 'तुमचं लेकरू स्वच्छ आहे, घासू नका.' डॉक्टरांनी त्यावर नाक मुरडलं, पण खोडलं नाही. नेलिदालाही साखर निघाली. ती गोळ्या घेते आणि बांधावर चालते. तीनला आवाज येतो का, हे मी विचारत नाही. ती परसातच अंघोळ करते, एवढं मला माहीत आहे.

गेल्या ऑगस्टला नदीपलीकडून एक नवीन कुटुंब आलं. आईचं नाव ओतिलिया, तीन पोरं, कुणाशी बोलणं नाही. मधल्या पोराची मान मी तपासणीत बघितली आणि नेलिदाला सांगितलं. ती त्याच संध्याकाळी राजम्याचं पातेलं घेऊन गेली आणि तसंच भरलेलं परत घेऊन आली.

"काय म्हणाली?"

"दार तोंडावर लावलं. म्हणाली, आमच्या घरात कुणी आजारी नाही."

"मग?"

"मग काय? घाबरलीय बिचारी. गुरुवारी पुन्हा जाते."

गुरुवारी ती गेली. दार फटीएवढं उघडलं आणि एका हाताने पातेलं आत घेतलं.